दोन सूत खाली

१

शनिवारी टळटळीत दुपारी चिखलीच्या वाटेवरल्या जुन्या दगडखाणीत भैरू खंदकात पडलेला सापडला. जबडा फुटलेला, सदरा रक्ताने भिजलेला आणि डोळे टक्क उघडे. पन्नास पावलांवर नेमबाजांच्या चटईवर क्लबाची रायफल आडवी पडली होती, आणि तिच्याशेजारी एक चष्मा होता. चष्मा मालोजी बाबरचा. हे सांगायला फौजदार लागला नाही, कारण तसला चष्मा उभ्या चिंचवडात एकच होता.

तो बनवला होता ज्योतीराम पिसाळने. आणि मालोजी म्हणजे ज्योतीरामच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. आता बोला.

ज्योतीरामचं दुकान स्टेशनसमोर, चहाच्या हॉटेलाच्या बगलेत होतं. गडी मूळचा वाईकडचा. पुण्याच्या कॅम्पात एका चष्मेवाल्याकडे बारा वर्षं काचा घासून कसब शिकला, आणि पिंपरीकडे कारखाने उभे राहायला लागले तसा इकडे आला. हात मोठा सफाईचा, पण स्वभाव असा की गिऱ्हाईक दुकानातून हसत गेलं तरी हा तासभर विचार करत बसायचा की ते हसलं कशाला. सत्तावन्न सालच्या त्या फेब्रुवारीत मात्र त्याला काळजी शोधत जावं लागलं नाही. ती आपल्या पायांनी दुकानात आली.

ती आणली नानासाहेबांनी, त्याच शनिवारी उन्हं उतरताना. नानासाहेब कंपनीतले मोठे इंजिनियर आणि नेमबाजी क्लबाचे सेक्रेटरी. त्यांनी रुमालात बांधलेला चष्मा काउंटरवर ठेवला.

"हा मालोजीचाच ना?"

"माझ्याच हातचा आहे, साहेब."

"मग तेवढंच लिहून द्या. भैरूचा जीव वाचला, पण डॉक्टरांनी त्याच्या जबड्यातून शिशाचा तुकडा काढलाय. फौजदार मंगळवारी सकाळी खाणीवर येतील. तोवर मालोजीने गाव सोडायचं नाही आणि कंपनीतही यायचं नाही. तुमच्या सहीचा कागद मिळाला की ते त्याला घेऊन जातील."

"साहेब, ते माझे दाजी आहेत."

"म्हणून तर तुमची सही भक्कम धरली जाईल," नानासाहेब म्हणाले. त्यांना यात आनंद नव्हता. चेहरा पडलेलाच होता.

शुक्रवारची हकीकत ज्योतीरामच्या कानावर आली होती. भैरू म्हणजे निशाणावरचा गडी. नेमबाजाने गोळी झाडायची आणि भैरूने समोरच्या खंदकात बसून, गोळी कुठल्या रेघेत लागली ते काठीच्या टोकाने दाखवायचं. शुक्रवारी त्याने मालोजीची एक गोळी नवाऐवजी आठात दाखवली. मालोजी पलटणीतून परतलेला, कंपनीत वॉचमनांचा जमादार. आवाजही तसाच दणकट. "पुन्हा असं दाखवलंस तर थोबाड फोडीन," असं तो चारचौघांत बोलून गेला होता. आणि शनिवारी थोबाड फुटलं.

ज्योतीराम मनात म्हणाला, 'दाजी, काय करून बसलात हे?' त्याच्या मनात पहिली आली ती हीच गोष्ट.

२

दिवेलागणीला इंदुताई आली. डोक्यावरून पदर, चालून चालून धाप लागलेली. रहाटणीहून ती एकटीच चालत आली होती.

"ज्योती, हे दुपारी घरीच होते. रात्रपाळी करून आले, जेवले आणि झोपले. मी उशाशी बसून धान्य निवडत होते."

"आणखी कुणी बघितलं?"

"झोपलेल्या माणसाला बघायला कोण येतं रे? मी होते ना."

"तसं नव्हे ताई. फौजदार विचारतील म्हणून म्हटलं."

"त्यांची नोकरी गेली तर कंपनीची खोली जाईल. तुरुंगात गेले तर मी दोन पोरी घेऊन कुठं जाऊ, सांग. तुझ्या कागदावर माझं घर आहे." एवढं बोलून ती उठली. चहासुद्धा घेतला नाही.

ती गेल्यावर ज्योतीरामने दिवा जवळ ओढला आणि रुमाल सोडला. लिहून द्यायचं तर नीट बघून द्यावं, एवढाच त्याचा हेतू होता.

नेमबाजाचा चष्मा साध्या चष्म्यासारखा नसतो. कपाळाशी एक पोलादी दांडी, तिला लटकलेली एकच गोल काच, आणि दुसऱ्या डोळ्यावर झापड. काच दोन स्क्रूंवर वरखाली आणि आतबाहेर सरकते. साधा चष्मा गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून बसवता येतो, हा येत नाही. नेमबाज पालथा पडतो, रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकतो आणि भुवईखालून, नाकाच्या कडेने बघतो. म्हणून ज्योतीराम गिऱ्हाइकाला चटईवर पालथं पाडायचा, काचेच्या बरोबर मध्यावर शाईचा बारीक ठिपका द्यायचा, आणि स्वतः समोर पालथा पडून तो ठिपका बुबुळावर येईपर्यंत काच सरकवायचा. मग स्क्रू आवळून वर पातळ लाखेचा एक थेंब सोडायचा. लाख वाळली की काच जागची हलत नाही. उभ्या माणसाला असला चष्मा हास्यास्पद दिसतो, काच भुवईवर चढलेली असते. मालोजीचा तर फारच, कारण त्याची मान आखूड आणि गाल दस्त्यात रुतणारा.

आणि दिव्याच्या उजेडात ज्योतीरामला दिसलं की काच भुवईवर नव्हती. ती चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली उतरली होती आणि नाकाकडेही सरकली होती. दोन्ही स्क्रूंवरची लाख फुटलेली होती. लाखेच्या जागी काहीतरी पांढरं वाळून बसलं होतं.

३

रविवारी सकाळी तो हे नानासाहेबांना सांगायला गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मालोजीनेच फिरवलं असेल. आपल्यावर नाव येऊ नये म्हणून."

हेच रात्रभर ज्योतीरामच्या डोक्यात घोळत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही हटेना.

"आणि ते पांढरं म्हणता," नानासाहेब म्हणाले, "तो चुना असेल. क्लबात तंबाखू कोण खातो ते तुम्हाला माहीत आहे."

तंबाखू खायचा बन्सी. कंपनीतला कारकून, पंचविशीचा, नेमबाजीत मालोजीच्या मागोमाग दुसरा. मुंबईच्या स्पर्धेला क्लबातून एकच जण जाणार होता. मालोजी गेला नाही तर बन्सी जाणार, हे शेंबड्या पोराला कळण्यासारखं होतं. शनिवारी भैरूला पहिल्यांदा पाहणाराही बन्सीच.

तो चाळीच्या ओट्यावर सापडला, तळहातावर तंबाखू मळत.

"पिसाळभाऊ, तुम्ही का आलात ते कळतंय मला," तो म्हणाला. "मी सरावाला चाललो होतो. खाणीच्या तोंडाशी आलो आणि बार ऐकला, मग बाईमाणसाचं ओरडणं. धावलो. रतनबाई खंदकात नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रायफलीजवळ कोणी नव्हतं."

"वाटेत कोण भेटलं?"

"कोणी नाही. खाणीला वाट एकच. मालोजीराव खडकांवरून पळाले असतील तर ठाऊक नाही." त्याने तंबाखू ओठात सरकवली आणि अंगठा ओट्याच्या कडेला पुसला. अंगठ्यावर चुना पांढरा फटक वाळलेला होता. ज्योतीरामची नजर तिथून हलेना.

"तुमचा चष्मा मी एकदा लावून बघितला होता," बन्सी आपणहून म्हणाला. "गेल्या महिन्यात, मालोजीरावांना विचारूनच. निशाण सगळं पुसट. मला काय करायचाय तसला चष्मा?"

असं आपणहून सांगणारा माणूस एकतर निर्मळ असतो किंवा फार हुशार. बन्सी यातला कोण, हे ज्योतीरामला ठरवता येईना.

तिथून तो दवाखान्यात गेला. भैरू खाटेवर होता, हनुवटीपासून टाळूपर्यंत पट्ट्या. बोलायची सोय नव्हती आणि लिहायला त्याला येत नव्हतं. उशाशी त्याची बायको रतनबाई धडुतं शिवत बसली होती. हे नवराबायको चिखलीचे. शेत भावकीत वाटलं गेलं, तेव्हा क्लबाने खाणीजवळ एक खोपट दिलं. तो निशाणावर बसायचा आणि ती मैदान झाडायची, फाटलेल्या निशाणांवर कागद चिकटवायची.

"भैरूदादा," ज्योतीराम खाली वाकून म्हणाला, "गोळी बाबरदाजींनी झाडली का? नुसती मान हलवा."

भैरूने डोळे मिटले. मान ना होकाराची हलली ना नकाराची. पण चादरीवरचा त्याचा हात सरकला आणि रतनबाईच्या मनगटाला घट्ट धरून राहिला.

"त्यांस्नी कायबी इचारू नगा, दादा," रतनबाई घाईने म्हणाली. "डागदरानं सांगितलंय. मी हिरीवर गेल्ते. बार ऐकला आन पळत आले. मला कायबी म्हाईत न्हाई."

"बरं, नाही विचारत."

"येवढा दोरा ववून द्या मग," ती म्हणाली. तिने सुई आणि दोरा हात लांब करून दोनतीनदा जमवून बघितला होता. "आताशा जवळचं दिसंना झालंय."

ज्योतीरामने दोरा ओवून दिला. सुई तिच्या हाती देऊन तो बाहेर पडला.

मात्र फाटकाशी त्याचे पाय थांबले. ज्याचा जबडा फोडला, तो माणूस आपल्या वैऱ्याचं नाव निघाल्यावर डोळे का मिटतो? भैरू कुणाला वाचवत होता, आणि तेही स्वतः एवढं सोसून?

४

सोमवारी त्याने दुकान उघडलं, पण कामात लक्ष लागेना. दोनदा त्याने कागद पुढे ओढला. 'सदर चष्मा मी स्वतः तयार केला असून,' इथवर लिहिलं आणि दौतीचं झाकण लावून टाकलं. उद्या सकाळ. मग दाजींच्या हातात बेड्या, ताई दोन पोरींसह दारात, आणि या सगळ्याच्या खाली आपली सही.

अकराच्या सुमारास त्याने चष्मा पुन्हा बघायला घेतला आणि हात मागे घेतला. काउंटरच्या फटीतून तांबड्या मुंग्यांची रांग निघाली होती. ती थेट चष्म्यापर्यंत गेली होती, आणि मुंग्या त्या दोन स्क्रूंभोवतीच गर्दी करून होत्या.

चुना मुंग्या खात नाहीत.

ज्योतीरामने नखाने एक कण खरवडला आणि जिभेवर ठेवला. फिका, किंचित आंबूस. ती पिठाची खळ होती, कागद चिकटवायची.

तो स्टुलावर बसला आणि पहिल्यापासून विचार करू लागला. डोक्यात बसलेली भीती थोडा वेळ बाजूला सारल्यावर गोष्टी आपोआप ओळीने उभ्या राहिल्या. संशय टाळायला कोणी काच फिरवली असती, तर वेडीवाकडी फिरवून सोडली असती. इथे काच मोजूनमापून बसवली होती, दोन्ही स्क्रू नीट आवळले होते, आणि वर थेंब सोडला होता. म्हणजे ज्याने हे केलं त्याने ज्योतीरामला काम करताना बघितलं होतं. लाख त्याच्याजवळ नव्हती, म्हणून जे वाळून घट्ट होतं ते हाताशी होतं तेच वापरलं. हा चष्मा कुणीतरी आपल्या डोळ्याला बसवून घेतला होता, खरोखर नेम धरण्यासाठी.

मग कुणाच्या डोळ्याला? काच पाऊण नंबरची, जवळचं ठळक करणारी. चाळिशी ओलांडली की निशाण दिसतं, पण नळीच्या टोकावरची माशी, जी निशाणाच्या मध्यावर धरायची, ती फिकट होते. ही काच ती माशी ठळक करते. तरण्या डोळ्याला ती उलटी पडते. बन्सी खरंच बोलला होता, त्याला यातून निशाण पुसटच दिसणार. नानासाहेबांना लांबचं मुळीच दिसत नाही, त्यांच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. त्यांना या काचेतून रायफलसुद्धा धड दिसली नसती. राहता राहिलं चाळिशीतलं, लांबचं चांगलं दिसणारं, आणि काच एवढी खाली लागते म्हणजे लांबट मानेचं, लहान चणीचं माणूस. खळ ज्याच्या हाताशी असते असं.

हात लांब करून सुईत दोरा ओवणारी रतनबाई त्याच्या डोळ्यापुढे आली. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण आता दाजींच्या जागी कोण जाणार, हेही त्याला दिसत होतं, आणि ती कुणाला मारणारी बाई नव्हती.

तो कागद त्याने फाडला. उद्या फौजदारापुढे नाव आपण घ्यायचं की नाही, हे मात्र त्याचं ठरेना.

५

मंगळवारी सकाळी खाणीत ऊन यायच्या आत सगळे जमले. नानासाहेब, बन्सी, आणि तीन दिवसांत दोन वर्षांनी म्हातारा झालेला मालोजी. त्याने ज्योतीरामकडे बघितलं नाही. फौजदार अजून यायचे होते. दूर निशाणांच्या चौकटीपाशी रतनबाई खराटा घेऊन उभी होती. आपलं काम चुकू नये म्हणून दवाखान्यातून पहाटे येऊन तिने मैदान झाडलं होतं.

"साहेब, मी सही करणार आहे," ज्योतीराम म्हणाला. "पण आधी हा चष्मा ज्याच्या डोळ्याला बसतो तो माणूस दाखवतो. मी काच हलवलेली नाही. फक्त मध्यावर शाईचा ठिपका दिलाय. चष्म्याच्या खऱ्या धन्याचा गाल दस्त्यावर टेकला, की ठिपका बुबुळावर येतो. दुसऱ्याचा टेकला तर येत नाही."

मालोजी आधी पालथा पडला. शनिवारची रायफल चौकीत जमा होती. दुसरी रिकामी रायफल दिली. ज्योतीराम समोर पोटावर पडला आणि बघितलं. नानासाहेबांनाही आपल्या शेजारी पडून बघायला लावलं. ठिपका मालोजीच्या गालफडावर आला होता.

"या काचेतून दाजींना माशी दिसणारच नाही," ज्योतीराम म्हणाला. "त्यांनी हा चष्मा लावून शनिवारी गोळी झाडलेली नाही."

मग बन्सी. त्याचा ठिपका पापणीच्या खाली, बाहेरच्या कोपऱ्यात. "आता मीही पडू का?" नानासाहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, विजारीला माती लागू न देता, मोठ्या कष्टाने पडलेही. त्यांचाही ठिपका भलतीकडेच. कुणाला हसू आलं नाही.

"मग आहे कुणाचा?" नानासाहेब कपडे झटकत उठले. "बोला, ज्योतीराम."

नाव ज्योतीरामच्या जिभेवर होतं आणि ते बाहेर येईना. दाजी त्याच्याकडे आता टक लावून बघत होते. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली. फौजदार आले असणार. एक क्षण त्याला वाटलं, न बोलता निघून जावं.

"माजं बगा," मागून आवाज आला.

रतनबाई खराटा टाकून चटईपाशी आली होती. तिने कासोटा नीट केला, पदर खोचला आणि कुणी काही बोलायच्या आत पालथी पडली. दस्ता खांद्याला लावला, मान लांब केली, गाल टेकला. अगदी सराईतासारखं. ज्योतीराम समोर पडला. काळा ठिपका तिच्या बुबुळाच्या मधोमध बसला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही.

"रतनबाई," नानासाहेब म्हणाले, "तुम्ही भैरूवर गोळी झाडलीत?"

"त्यांच्यावर न्हाई, सायेब. निशानावर." ती उठून बसली. "पाच वरसं झाली, दिसभर दुसऱ्यांची भोकं बुजवतीया. ह्याचं नवात, त्याचं धात. मनात आलं, आपुनबी एक भोक पाडून बगावं. ह्यांस्नी म्हनलं तर आदी हसलं, मग म्हनलं शिकीवतो. झाडताना मातीत गोळ्या घावायच्या, तुमी सांडल्याल्या. त्या येचून ठिवल्या. किल्ली ह्यांच्याजवळ हायेच, बंदुका पुसायला."

"आणि चष्मा?"

"नुसत्या डोळ्यानं माशी दिसंना. बाबरदादांचा तितंच बंदुकांच्या कपाटात ऱ्हायचा, त्यो लावला तवा दिसली, पन काच भुवईला जात व्हती. पिसाळदादा कसं लावत्यात ते ह्यांनी बगितलं व्हतं. शाईचा ठिपका दिला, समोर पडलं आन बसवली. दादा वरनं थेंब सोडत्यात, म्हनून आमी खळीचा सोडला." तिने मान खाली घातली. "बेस्तरवारी पैल्यांदा केलं आन परत व्हतं तसं बसवलं. पन आमचंच कायतरी हुकलं आसंल. बाबरदादा, शुक्रवारी तुमची गोळी आठातच व्हती. ह्यांनी खोटं दाखवलं न्हाई."

मालोजी खाली बसला. त्याचा रागीट चेहरा एकाएकी रडवेला झाला.

"शनवारी दुसरीच गोळी," रतनबाई सांगत राहिली. "चौकटीच्या लोखंडी पट्टीवर आपटली आन तुकडा खंदकात पडला. मी पळत गेले. त्यांचं तोंड धड नव्हतं, तरी हातानं सांगत व्हतं, बोलू नगंस. चौकीत बाईमानसाचं काय हुतं, म्हनून. मी बोलले न्हाई. तीन राती डोळा लागला न्हाई, सायेब. इंदुताई पोरींस्नी घिऊन दवाखान्यात आल्या व्हत्या काल, ह्यांच्यासाठी पेज घिऊन. मला मेल्याहून मेल्यागत झालं."

नानासाहेब निशाणांकडे चालत गेले. चौकटीच्या डाव्या पट्टीवर ताजी खोक होती, आणि खोकेत शिसं चकाकत होतं. फौजदारांना ते त्यांनीच दाखवलं. फौजदार मग दवाखान्यात गेले आणि भैरूला विचारलं, 'बायकोच्या हातून चुकून लागली का?' भैरूने रतनबाईकडे बघितलं. तिने मान हलवल्यावर त्याची मानही हलली. अपघात म्हणून नोंद झाली. क्लब तीन महिने बंद राहिला. नानासाहेबांनी भैरूला काढायचं ठरवलं होतं, तेव्हा मालोजी त्यांच्या बंगल्यावर जाऊन सांगून आला की निशाणावर भैरू नसेल तर मुंबईला बन्सीला पाठवा, मी जाणार नाही.

६

त्याच मंगळवारी दुपारी ज्योतीराम रहाटणीला गेला. पायांत नवी ताकद आली होती. वाटभर तो मनात घोकत होता, की मुंग्या कशा दिसल्या आणि ठिपका कसा बसला हे ताईला कसं सांगायचं.

इंदुताई चुलीपुढे होती. तिने चहा ठेवला. मालोजी बाहेर नळावर अंघोळ करत होता, आणि पोरी त्याच्याभोवती नाचत होत्या. ज्योतीरामने सगळं सांगितलं.

"चांगलं केलंस," सांगून झाल्यावर ती म्हणाली. "रतनबाईला चौकीत नेलं नाही ना?"

"नाही. तिथंच जबानी घेतली."

"बरं झालं." तिने कप पुढे सरकवला. "ज्योती, शनिवारी मी तुझ्या दुकानात आले. हे घरी झोपले होते, असं सांगितलं. मग तीन दिवस तू कशाचा शोध करत होतास?"

"फौजदारांना पुरावा लागतो, ताई."

"त्यांना लागतो. तुला?"

ज्योतीरामने कप उचलला आणि परत ठेवला. बाहेर दाजींचा खडा आवाज येत होता, पाणी सांडू नका म्हणून पोरींना दटावत होता. त्याला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर खपलंही असतं.

"मला वाटलं होतं, ताई," तो म्हणाला. "दाजींनीच केलं असं. तू सांगून गेलीस तरी वाटत होतं. काल मुंग्या दिसेपर्यंत."

इंदुताई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. तिचा हात थांबला. पाठमोऱ्या ताईचे खांदे ज्योतीरामला हलताना दिसले.

"त्यांना सांगू नकोस," शेवटी ती म्हणाली. "तीन दिवस ते एकच म्हणत होते. सगळं गाव काहीही बोलो, ज्योतीराम मला ओळखतो."

मालोजी टॉवेलने डोकं पुसत आत आला. त्याने मेहुण्याला बघितलं, दोन ढांगांत जवळ येऊन त्याचे दोन्ही खांदे घट्ट धरले. ज्योतीराम मान खाली घालून उभा राहिला. इंदुताईने तिसरा कप भरला.